तिघांचे चार प्रश्न

१

बू, म्हणजे बाई, किनासी रहार्जो यांनी असे साठेक कार्यक्रम केले होते. आमच्याकडे जावात त्याला पुस्तकाची चिरफाड म्हणतात. नाव भयंकर असलं तरी त्यात रक्त कधी सांडत नाही. जमिनीवर चटया टाकलेल्या असतात. दारात हजेरीचा कागद असतो, त्यावर सही केली की खाऊचा पुठ्ठ्याचा डबा मिळतो: केळीच्या पानातला चिकट भात, एक तळलेली भाजीची गुंडाळी, पाण्याचा पेला. मग सूत्रसंचालक लेखिकेची ओळख करून देतो, तीत दोन पुरस्कार हमखास चुकतात. लेखिका एक उतारा वाचते आणि पुढे प्रश्न सुरू होतात.

प्रश्नांची रीत ठरलेली. एकेक प्रश्न घेऊन उत्तर द्यायचं नाही, तिघांची फेरी घ्यायची. तिघं एकामागून एक उठतात, नाव-गाव सांगतात, दोन मिनिटं स्वतःचंच कौतुक करतात आणि मग प्रश्न विचारतात. लेखिका कागदावर टिपून घेते आणि तिन्ही उत्तरं एका दमात देते. अशा दोन फेऱ्या, फार तर तीन. मग फोटो, आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, बांगेआधी सगळे आपापल्या घरी.

किनासीबाईंना हे पाठ होतं. त्यांची ‘चारची बस’ ही कादंबरी अकराव्या आवृत्तीला पोचली होती. सुराबायापासून मेदानपर्यंत त्या ती घेऊन फिरल्या होत्या. फक्त मुंतिलानला कधी आल्या नव्हत्या. मुंतिलानपासून त्यांचं गाव आठ किलोमीटरवर.

वाचनालयाच्या दनांगने तीन वर्षांत चार पत्रं पाठवली. चौथ्या पत्रात त्याने लिहिलं होतं, ‘बू, आमचं सभागृह नवं बांधलंय. पहिला कार्यक्रम गावच्या लेकीचाच व्हावा, नाहीतर लोक आमच्या तोंडात शेण घालतील.’ बाई हसल्या आणि हो म्हणाल्या. माणूस एकसष्टाव्यांदा तेच करताना गाफील होतो, दुसरं काय!

शनिवारी दुपारी साडेतीनला त्या सभागृहात शिरल्या, आणि पहिल्या रांगेत, चटईवर, भिंतीपासून हातभर अंतरावर, त्यांची आई बसलेली होती.

“आश्चर्याचा धक्का!” पार्दी म्हणाला. हा त्यांच्या चुलतभावाचा मुलगा, वाळूचे ट्रक चालवणारा. आज इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून आला होता. “आत्या, आजी कधीची मागे लागली होती. म्हणे, सगळं जग आसीला ऐकतं, मीच तेवढी राहिले.”

“तिला ऐकू कुठे येतं?” किनासीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

“नाही येत. पण बघायला तर येतं! गेल्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन केलं ना, आता सुईत दोरा ओवते. मला म्हणाली, आसीचे ओठ हलताना बघेन, तेवढं पुरे.”

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने लेकीला बघितलं आणि भरल्या सभागृहात, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, “जेवलीस का गं?”

सगळे हसले. किनासीबाईही हसल्या. पण पुस्तकात शेवटच्या प्रकरणाशी घातलेली खूण त्यांनी काढून घेतली.

२

खूण का काढली ते सरळ सांगून टाकतो, लपवण्यात मजा नाही.

‘चारची बस’मध्ये दोन बहिणी आहेत. धाकटी एका दुपारी आईशी भांडते, बोचकं घेते आणि चारच्या बसने मोठ्या शहरी निघून जाते, ती परत येत नाही. मोठी फाट्यावर उभी राहून तिला जाताना पाहते. शेवटच्या पानावर धाकटी खिडकीतून हात हलवते. त्या पानावर किती वाचक रडले असतील त्याची गणती नाही.

खरोखरीची धाकटी वुरी. बेचाळीस वर्षांपूर्वी ती पंधरा वर्षांची होती आणि किनासी सतराची. सकाळी वुरीचं आणि आईचं वाजलं होतं. मैत्रिणीसारखं जकार्तात घरकामाला जायचं म्हणत होती. आई तडकून म्हणाली, “जा, आणि परत तोंड दाखवू नकोस.” मग आई बाजारात गेली.

गावातल्या बाया नदीच्या पात्रात वाळू भरायच्या. त्या दिवशी वाळू भरायची पाळी किनासीची होती. पण तिच्या हातात फाट्यावरच्या टपरीतून भाड्याने आणलेलं पुस्तक होतं, आणि ते त्याच संध्याकाळी परत करायचं होतं. ती वुरीला म्हणाली, “आज माझ्याऐवजी तू जा ना. एवढं संपवते आणि आलेच.” वुरी कुरकुरत गेली. दुपारची वेळ, बाकीच्या बाया जेवायला वर आलेल्या. गावात कडकडीत ऊन होतं. पण वर मेरापी ज्वालामुखीच्या माथ्यावर पाऊस झालेला असला की खाली राख, चिखल आणि धोंडे घेऊन नदी उतरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून तर वरच्या गावातून लाकडी ओंडका बडवून इशारा देतात. किनासीला तो इशारा ऐकू आला. पानावरच्या अकरा ओळी उरल्या होत्या. तिने त्या वाचल्या, आणि मग धावली.

पात्रात नदी नव्हतीच. काठोकाठ राखाडी चिखल सरकत होता आणि त्यात घराएवढे धोंडे एकमेकांवर आपटत होते.

संध्याकाळी आईने विचारलं, “वुरी कुठाय?” किनासी म्हणाली, “गेली. चारच्या बसने. मी पाहिलं.” एवढंच ती बोलली. एका पोरीने मार चुकवण्यासाठी मारलेली थाप, उद्या सांगू म्हणून ठेवलेली. पण आई म्हणाली, “मीच जा म्हटलं ना.” त्यानंतर सांगायला तोंड उरलं नाही. पुरात तीन वाड्या गेल्या होत्या, दुसऱ्याच्या पोरीची चौकशी करायला कुणाला वेळ होता?

आई अजून वाट पाहत होती. दर ईदला वुरीसाठी एक झंपर शिवायची, आणि दर वर्षी माप अंदाजाने वाढवायची. यंदाचा झंपर सत्तावन्न वर्षांच्या बाईच्या मापाचा होता.

आणि त्या पात्रातली वाळू बेचाळीस वर्षं ट्रक भरभरून जात होती. शाळांना, मशिदींना, पुलांना. हे नवं सभागृहही तिच्यातूनच उभं राहिलं होतं.

३

दनांगने ओळख करून दिली. पुरस्कार एकच चुकला. किनासीबाईंनी शेवटचं प्रकरण न वाचता मधलंच एक वाचलं, बाजाराचं. आई त्यांच्या ओठांकडे बघत मान डोलवत होती. वाचताना त्यांच्या दाताखाली काहीतरी कचकचलं. नवीन बांधकाम आहे, धूळ असणारच, असं म्हणून त्या पाणी प्यायल्या.

“चला, पहिली फेरी,” दनांग म्हणाला. “तीन जण. नाव, गाव आणि प्रश्न. आत्मचरित्र पुढच्या वेळी.”

मागेलांगच्या एका मास्तरांनी विचारलं, कादंबरीत बाजाराचे दिवस जुन्या पंचांगाप्रमाणे का आहेत? कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, लिहायला सुरुवात कशी करायची? भाजीवाल्या बाईंनी विचारलं, कादंबरीतली आई एवढी कडक का, आया काय अशाच असतात? त्यावर हशा पिकला. किनासीबाईंनी टिपून घेतलं आणि एकापाठोपाठ उत्तरं दिली. पंचांगाचं दिलं, सुरुवातीचं दिलं, आईचं देताना समोरच्या आईकडे बघून दिलं.

“आणि शेवटचा प्रश्न,” कागदाकडे बघत त्या म्हणाल्या, “बसमध्ये चढताना धाकटीच्या पायात काय होतं. निळ्या रबरी चपला होत्या. उजव्या चपलेचा पट्टा तुटला होता, तो तिने सुतळीने बांधला होता. झालं.”

कुणी टाळी वाजवली नाही. मास्तर भाजीवालीकडे बघायला लागले आणि भाजीवाली मास्तरांकडे.

“वा! काय तपशील आहे,” दनांग घाईने म्हणाला. मग माइक बाजूला धरून हळूच, “बू, हे कुणी विचारलं?”

किनासीबाईंनी कागद पुढे केला. त्यावर चार ओळी होत्या. तिघांपुढे नाव-गाव होतं. चौथीपुढे काहीच नव्हतं, नुसता प्रश्न. अक्षर त्यांचंच.

“माझ्याकडे तीनच आहेत,” दनांग म्हणाला आणि आपली वही दाखवली.

“मागून कुणीतरी ओरडून विचारलं असेल.”

“असेल, असेल,” तो म्हणाला. भला माणूस होता.

४

आता हुशार माणूस अशा वेळी काय करतो? कारणं शोधतो. किनासीबाई हुशार होत्या, त्यांना चार सापडली. आठवड्यातलं तिसरं गाव. रक्तदाबाची नवी गोळी. रेल्वेतली मोडलेली झोप. आणि समोर आई. एवढ्यात माणूस स्वतःच प्रश्न लिहून स्वतःच उत्तर देईल, त्यात नवल ते काय!

पण सुतळीचं काय? ती सुतळी पुस्तकात नव्हती. अकरा आवृत्त्यांत कुठेही धाकटीच्या चपला नव्हत्या. सुतळी त्यांनी स्वतःच बांधून दिली होती, त्या दुपारी, एक डोळा पुस्तकावर ठेवून, वुरी लवकर जावी म्हणून.

दुसऱ्या फेरीला त्यांनी ठरवलं, आता डोळ्यांत तेल घालून बसायचं. प्रश्न टिपायचा आणि ज्याने विचारला त्याचं तोंड बघायचं. एक तोंड, एक ओळ.

पहिलं तोंड एका कवीचं होतं, त्यांनी प्रश्नाऐवजी कविता म्हटली. एक ओळ. दुसरं एका नर्सचं, तिला बसचा रंग लाल का ते हवं होतं. दोन ओळी. तिसरे उठले ते पाक, म्हणजे काका, सुगेंग. सत्तरीचे, डोक्यावर जुनी कंडक्टरची टोपी, खास आजच्यासाठी घातलेली.

“बू, मी या रस्त्यावर सव्वीस वर्षं तिकिटं फाडली,” ते म्हणाले. “तुमचं पुस्तक मला नातीने वाचून दाखवलं. रडलो, खोटं नाही सांगत. पण एक बोलू का? राग नका मानू. पुराचा दिवस मला लख्ख आठवतोय. पुस्तकात पूर येतो संध्याकाळी. खरा आला दुपारी अडीचला. पूल तेव्हाच बंद झाला. त्या दिवशी चारची बस गेलीच नाही, बू. मीच तिच्यावर होतो. गाडी डेपोत उभी आणि आम्ही पत्ते खेळत होतो.”

सभागृहात खसखस पिकली. किनासीबाईंनी आधी आईकडे बघितलं. आई डब्यातला भात पानातून सोडवत होती. तिला एक अक्षरही ऐकू गेलेलं नव्हतं. देवाने तिचे कान नेले ते आपल्यासाठीच, असा एक नीच विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

“पाक, कादंबरीतलं घड्याळ लेखकाच्या मनगटावर असतं,” त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी दहा गावांत वापरलं होतं. लोकांना आवडतं.

“हां, तसं असेल तर ठीक,” पाक सुगेंग म्हणाले. “आमचं डेपोत असायचं.”

पुन्हा हशा. त्यांनी तीन तोंडं मोजली होती, तीन ओळी लिहिल्या होत्या, पेनाला टोपण लावलं होतं. मग कागदाकडे बघितलं. चौथी ओळ होती.

‘तिच्या शेजारी कोण बसलं?’

अक्षर त्यांचंच, पण या वेळी दाबून लिहिलेलं. काळ्या शाईत काहीतरी चमकत होतं. त्यांनी बोट फिरवलं तर बोटाला वाळू लागली. राखाडी, बारीक, ओली.

त्यांनी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि तिघांची उत्तरं दिली. चौथं दिलं नाही. उत्तरं देताना त्यांना वाटत होतं, कुणीतरी प्रश्न विचारून उभंच आहे, आपण बस म्हणायची वाट बघत.

५

“बू, बरं वाटत नाहीये का?” दनांगने विचारलं. “दोन फेऱ्यांवर आटपू या. कुणी फासावर चढवणार नाही.”

“आटपा,” त्या म्हणाल्या.

दनांग उठून म्हणालाही, की वेळ झाली, मंडळी. पण आमचे लोक! डबा मिळाला, हजेरीचं प्रमाणपत्र मिळणार, तरी एक फेरी कमी झाली की फसवल्यासारखं वाटतं. ‘तिसरी, तिसरी’ असा गलका झाला. टाळ्यांचा ठेका धरला. आईने लोक टाळ्या वाजवताना पाहिले आणि लेकीचं कौतुक चाललंय असं समजून तिनेही जोरजोरात वाजवल्या.

तेवढ्यात किनासीबाईंनी सभागृह नीट बघून घेतलं. पासष्ट-सत्तर माणसं, मांडीला मांडी लावून. दारात उभी असलेली वेगळी. एवढ्या दाटीत फक्त एक जागा मोकळी होती, दुसऱ्या रांगेत, आईच्या थेट मागे. कुणी उठून बाहेर गेलं की शेजारचे जशी जागा धरून ठेवतात, तशी. डाव्या बाजूच्या नर्सने गुडघे आवरून घेतले होते. उजवीकडच्या मास्तरांनी आपली पिशवी उचलून मांडीवर ठेवली होती, आणि तिचा तळ पुन्हापुन्हा हाताने झटकत होते.

जागा आहे तर दारातलं कुणी तिथे जाऊन का बसत नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्याचं कारण मात्र त्यांनी शोधलं नाही.

“बरं बाबा, तिसरी! पण छोटी,” दनांगने हात जोडले.

त्यांनी या वेळी पेन उचललंच नाही. उलट टेबलाच्या पार टोकाला सरकवून दिलं. लिहायचंच नाही, मग ओळ येईल कुठून?

६

दोघांनी विचारलं. एकाने पुढच्या पुस्तकाचं, एकीने नव्या लेखकांना काय सांगाल ते. प्रश्न असे की झोपेत उत्तर द्यावं.

“तिसरं कोण?” दनांगने चौफेर बघितलं. “कुणीच नाही? मघाशी तर छप्पर उडवत होतात! मग बू, दोनच...”

“अरे, त्या पोरीला दे की तो माइक!”

आई बोलली होती. बहिऱ्या माणसाचा खणखणीत आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. ती कमरेतून वळून मागे बघत होती.

“मघापासून हात वर करून बसलीय बिचारी. तिन्ही वेळा केला. तुमचं लक्षच नाही. पुढारी दिसले की बरं लगेच माइक.”

सगळे हसले. नर्सला वाटलं आजी आपल्याला म्हणतेय, तिने नको नको म्हणून मान हलवली. “तू नाही गं, ही,” आई म्हणाली, आणि मोकळ्या जागेकडे बोट केलं. मग हसू हळूहळू विरलं. म्हाताऱ्या माणसाला कुणी हसत नाही.

“आणि ओली किती झालीय! बाहेर ऊन आणि ही भिजलेली. सगळे केस तोंडावर. कुणाची आहे गं ही?” आईने आपला खाऊचा डबा उचलून मागे, त्या जागेवर ठेवला. “खा.”

किनासीबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, का ते त्यांनाही कळलं नाही. आणि तेव्हा तो प्रश्न आला. माइकमधून आला नाही. जिथे बोट दाखवलं तिथूनच आला, साध्या, जरा कंटाळलेल्या आवाजात.

‘ताई, झालं का तुझं ते पान?’

बेचाळीस वर्षांत हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, कादंबरीला नाही. अकरा ओळींचं पान जगात त्यांना एकट्यांनाच माहीत होतं.

बाकी कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दनांग हसऱ्या तोंडाने थांबला होता. आई लेकीकडे वळली.

“काय म्हणते गं ती? तोंड हलतंय, पण केसांमुळे ओठ दिसेनात. मला जोरात सांग.”

किनासीबाईंनी माइक तोंडाशी नेला. त्यांचा धंदाच तो, वेळेला वाक्य सुचण्याचा. “ती विचारतेय,” त्या ओरडून म्हणाल्या, “की पुस्तक कुठे मिळेल!”

लोक सुटल्यासारखे हसले. “दारात, टेबलावर!” दनांग ओरडला.

आईने मागे वळून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“नाही म्हणतेय,” ती म्हणाली. “मान हलवतेय. हे नाही विचारलं म्हणते.”

पार्दी दारातून पुढे यायला लागला, “आजी, चल, दमलीस तू,” आणि आईने त्याच्या हातावर चापट मारली.

“गप रे! आसी, नीट सांग. मला ऐकू येत नाही म्हणून काहीही सांगतेस होय?”

किनासीबाई व्यासपीठावरून उतरल्या. आईसमोर चटईवर गुडघे टेकून बसल्या. चटई कचकचली. त्यांनी मागच्या जागेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं नाही. फक्त आईच्या खांद्यामागे, चटईच्या कडेला, डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी निळं होतं, आणि त्याला गुंडाळलेली सुतळी फुगून दोरखंडासारखी झाली होती. तेवढंच दिसलं, आणि त्यांनी डोळे आईच्या तोंडावर रोवले.

कानात सांगता आलं असतं तर! पण आईच्या कानात कुजबुजून काय उपयोग? तिला सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगायला हवं, मास्तरांसमोर, नर्ससमोर, पाक सुगेंगसमोर, सत्तर माणसांसमोर.

“आई!” त्या ओरडल्या. “वुरी बसने गेली नाही!”

आईने कपाळाला आठ्या घातल्या. “काय?”

“वुरी बसने गेली नाही! मी खोटं बोलले! ती नदीवर गेली! माझ्याऐवजी मी तिला पाठवलं! मी पुस्तक वाचत बसले होते! इशारा ऐकला तरी वाचत बसले! ती पात्रात होती, आई!”

शेवटची वाक्यं नवीन भिंतींना आपटून परत आली. पाक सुगेंगनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आई लेकीच्या ओठांकडे बघत राहिली. समजलं की नाही, कुणालाच कळेना. मग तिने हळू आवाजात विचारलं, इतका हळू आवाज तिचा कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता:

“म्हणजे माझ्यावर रुसून नाही गेली?”

किनासीबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

“बेचाळीस वर्षं,” आई म्हणाली. “बेचाळीस वर्षं मी म्हणत होते, मी जा म्हटलं.” तिने लेकीला शिव्या दिल्या नाहीत, हात उगारला नाही. तिने फक्त तोंड फिरवलं आणि चटईवर बसल्याबसल्याच मागे सरकली. मोकळ्या जागेपर्यंत सरकली. हात पुढे केला आणि हवेत, पंधरा वर्षांच्या पोरीचं कपाळ जेवढ्या उंचीवर येईल तिथे, बोटांनी काहीतरी बाजूला सारलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

मग तिचा चेहरा असा झाला की नर्स रडायला लागली. काय बघून, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

७

फोटो झाला नाही. दनांगने कार्यक्रम कसा संपवला ते किनासीबाईंना आठवत नाही. लोक चपला शोधत होते. पाक सुगेंग जाताना त्यांच्यासमोर थांबले, टोपी छातीशी धरली आणि गेले. दुसऱ्या रांगेतली चटई ज्यांनी गुंडाळली त्यांनी ती बाहेर नेऊन झटकली, आणि बराच वेळ झटकत राहिले.

बाहेर अजून ऊन होतं. बांगेला वेळ होता. पार्दीने गाडी दारापर्यंत आणली.

आई त्याचा हात न धरता चालत आली. डावा हात तिने अंगापासून थोडा दूर, खाली धरला होता आणि मूठ अर्धी मिटलेली होती. त्या बाहीच्या कडेतून राखाडी पाणी गळत होतं. तिने मागचं दार स्वतः उघडलं, थांबली, कुणाला तरी आधी आत जाऊ दिलं आणि मग आपण बसली. आत सरकली नाही, आपल्या बाजूला अगदी दाराला चिकटून बसली.

“आत्या, मागे आजीशेजारी बसता?” पार्दीने विचारलं. “तिला बरं वाटेल.”

किनासीबाई दुसऱ्या बाजूने गेल्या. त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. आतून आईने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“तू पुढे बस, आसी,” आई म्हणाली. “मागे जागा नाही.”

त्या पुढे बसल्या. पार्दीने गाडी सुरू केली, आरसा नीट करायला हात वर नेला, आणि का कोण जाणे, तो तसाच सोडून दिला. आठ किलोमीटर मागून आईचा आवाज येत होता, गावातल्या कुणाचं लग्न झालं, कुणाला मुलं झाली, कोण गेलं, सगळं सुरुवातीपासून सांगत होती.